घारापुरीचे दर्शन आणि 'मुंबई दर्शन'

मुंबईस जाऊन आलेल्या माणसाला 'काय काय पाहिलेत?' असे विचारावे, तर त्याच्या उत्तराचा क्रम बहुधा ठरलेला असतो. गेट वे ऑफ इंडिया, राणीची बाग, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजी अली आणि शेवटी चौपाटीवरची भेळ. ही स्थळे एका दिवसात दाखवून आणणाऱ्या सहलीस 'मुंबई दर्शन' असे नाव आहे. ज्या शब्दाने सांख्य आणि वेदान्त ओळखले जातात, तो शब्द बसच्या पाटीवर वाचून आमच्यासारख्या पोथीपंडितास प्रथम हसू येते. परंतु विचार करता वाटते की, शब्द चुकलेला नाही, वेळ मात्र चुकली आहे. दर्शनास लागणारा वेळ त्या बसपाशी नसतो.

या यादीत घारापुरी क्वचितच येते. तिच्यासाठी गेट वेच्या धक्क्यावरून लाँचने सुमारे तासभर समुद्र ओलांडावा लागतो आणि पुन्हा डोंगराच्या शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. महाशिवरात्रीच्या पर्वावर उरण-मोऱ्याकडून भाविकांच्या होड्या तेथे लागतात. एरवी वर्षभर येणारा मनुष्य असतो तो प्रेक्षक. आम्ही गोदाकाठच्या क्षेत्रात राहणारे, कीर्तनानिमित्त मुंबईस जाणारे. घारापुरीस आजवर चार वेळा गेलो, आणि दर खेपेस लेण्याइतकेच लेणे पाहणाऱ्यांकडेही आमचे लक्ष गेले.

लाँचमध्ये मंडळी मोठ्या उत्साहात असतात. ज्या कमानीपाशी त्यांनी छायाचित्रे काढून घेतलेली असतात, ती १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा उतरला त्या प्रसंगाचे स्मारक म्हणून उभारली गेली आणि १९२४ साली खुली झाली, हे कोणीतरी सांगते. त्याच कमानीखालून फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची इंग्रज पलटण निघून गेली, हे सांगणारा मात्र विरळा. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील प्रवासी बोटीस नौदलाची वेगवान बोट धडकून पंधरा जणांचे प्राण गेले. तेव्हापासून जीवरक्षक जाकिटे अंगावर चढविण्याविषयी कटाक्ष आला आहे, तो राहावा.

बेटावर उतरल्यावर छोटी आगगाडी, काकडी आणि कैरीच्या फोडी, माळा आणि मूर्तींची दुकाने, हातातील खाऊ हिसकावून नेणारी माकडे यांतून वाट काढीत मनुष्य लेण्याच्या दाराशी येतो तो घामाघूम होऊन. आत शिरताच समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सुमारे अठरा-वीस फूट उंचीची ती महेशमूर्ती. वाटाड्या सांगतो, 'ही त्रिमूर्ती. ब्रह्मा, विष्णू, महेश.' छायाचित्रे निघतात. पंधरा-वीस मिनिटांत इतर भिंतींकडे एक दृष्टी टाकून मंडळी बाहेर येतात आणि उद्गार ऐकू येतो : 'सगळ्या मूर्ती मोडलेल्या. एवढ्या लांब येऊन पाहण्यासारखे काही नाही.'

हा उद्गार अगदीच निराधार नाही. १५३४ साली हे बेट पोर्तुगीजांच्या हाती गेले, त्यानंतर लेण्याची फार नासधूस झाली. येथील शिलालेख त्यांनी पोर्तुगालास पाठविला आणि तो तेथे नाहीसा झाला. त्यामुळे इसवी सनाच्या सहाव्या शतकात हा डोंगर कोणी कोरविला, याचे उत्तर विद्वान आज अनुमानानेच देतात. बहुतेकांचा कल कलचुरींकडे आहे. पायथ्याशी असलेला दगडी हत्ती, ज्यावरून बेटास 'एलिफंटा' हे नाव पडले, तो १८६४ साली विलायतेस नेताना कोसळून फुटला. पुढे सांधलेला तो हत्ती आज राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बागेत जाणारी मुले त्याच्यासमोरून धावत जाऊन खरा हत्ती शोधू लागतात, ही गोष्ट वेगळी!

परंतु मूर्ती भंगल्या म्हणून दर्शन हुकते, हे आम्हांस मान्य नाही. दर्शन हुकते ते आख्यान ठाऊक नसल्यामुळे, आणि लेण्यात उलट्या दाराने शिरल्यामुळे.

आज आपण उत्तरेकडून आत जातो. मूळचा मुख्य प्रवेश पूर्वेकडून असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पूर्वेच्या अंगणातून आत यावे म्हणजे प्रथम दुतर्फा कैलास लागतो : एकीकडे शिवपार्वतींचा सारिपाटाचा खेळ, दुसरीकडे तोच कैलास हलवू पाहणारा रावण. समोर, खांबांच्या रांगेच्या शेवटी, चार दारांचे गर्भगृह आणि आत लिंग. प्रत्येक दाराशी दोन-दोन द्वारपाल. पावले त्या लिंगाच्या दिशेने पडत असता, अर्ध्या वाटेवर, डाव्या हाताच्या अंधारातून महेशमूर्ती हळूहळू प्रकट होते. कीर्तनात पूर्वरंगावाचून उत्तररंग रंगत नाही. आजचा प्रेक्षक एकदम उत्तररंगातच येऊन बसतो आणि आख्यान कळले नाही म्हणून उठून जातो.

ती मूर्ती त्रिमूर्ती नव्हे, सदाशिव आहे. पाच मुखांपैकी तीन आपणांस दिसतात. मधले तत्पुरुष, शांत आणि मिटल्या डोळ्यांचे. आपल्या डाव्या हातास अघोर, मिशी आणि सर्प धारण करणारे. उजव्या हातास वामदेव, म्हणजेच उमेचे सुकुमार मुख. उरलेली दोन, मागचे आणि वरचे, शिल्पकाराने पाहणाऱ्याच्या भावनेवर सोपविली आहेत. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरी लिंगाच्या खळग्यात ब्रह्मा, विष्णू आणि महेश खरोखरच मानले जातात, म्हणून वाटाड्याच्या बोलण्यावर आमच्या मुलखातील मंडळींचा चटकन विश्वास बसतो. वाटाड्यास दोष का द्यावा? पोट भरण्यासाठी तो पाठ केलेले सांगतो. सांगणाऱ्यांची जी परंपरा गावोगावच्या देवळांत होती, ती क्षीण झाली. पूर्वी शिवलीलामृताचे पारायण ऐकलेली बाई या भिंतीसमोर उभी राहती, तर तिला वाटाड्या लागला नसता.

लेणे पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे, १९८७ पासून जागतिक वारशात त्याची गणना होते. गर्भगृहात नित्यपूजा होत नाही. याचे दुःख आम्हांस होते, पण रोजच्या तेलातुपाच्या धुराने त्या भिंतींचे काय झाले असते, हेही मनात येते.

गेल्या खेपेस कल्याणसुंदर शिल्पासमोर आम्ही सोबतच्या विद्यार्थ्यास काही सांगत होतो. शिव पार्वतीचा हात हाती घेत आहे, ब्रह्मदेव होमापाशी पौरोहित्य करीत आहे. पाय मोडले आहेत, हात मोडले आहेत. पण पार्वतीची लवलेली मान शाबूत आहे. तिच्याकडे बोट करून आम्ही म्हणालो, 'पाहा, ती शिवाच्या उजव्या बाजूस उभी आहे. आणि महेशमूर्तीच्या शेजारी जो अर्धनारीश्वर आपण पाहिला, त्यात ती डावे अंग होऊन राहिली आहे.' तोवर मागे दहा-पंधरा माणसे जमली होती. त्यांत मघाशी 'सगळे मोडलेलेच आहे' म्हणणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, 'म्हणजे महाराज, इथं अजून लग्न लागायचंय म्हणा की!'

आम्ही होय म्हणालो. बाईंनी सुनेचा हात धरला आणि तिला अर्धनारीश्वर पुन्हा दाखविण्यासाठी त्या परत आत वळल्या. लाँचची वेळ झाली म्हणून त्यांचा मुलगा पायऱ्यांवरून हाका मारीत होता.