सायकलवरून सागरी वाटेनं

आपल्याकडे सायकल मुलीची असते, बाईची नसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सकाळी गावाच्या रस्त्यावर दोन वेण्या घातलेल्या पोरींची रांगच लागते. बघून जीव सुखावतो. पण बारावी झाली, लग्न ठरलं की ती सायकल धाकट्या भावाकडे जाते, नाहीतर गोठ्यामागे गंजत पडते. त्याच पोरीला पुढे दळण आणायला, दवाखान्यात जायला नवऱ्याच्या मोटारसायकलची वाट बघावी लागते. महिला मंडळाच्या कामात हे इतकं दिसतं की एका बैठकीत आम्ही म्हटलं, नुसतं बोलण्यापेक्षा आपणच सायकलवर बसून बघू या ना!

आम्ही पाचजणी. वय अडतीस ते बावन्न. एक शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, एक शिवणकाम करणारी, एक किराणा दुकान सांभाळणारी आणि मी. ठरलं की थंडीत कोकण किनाऱ्यानं जायचं, मांडव्यापासून दापोलीजवळच्या मुरुडपर्यंत. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. सहा दिवस. मागे सामानाची गाडी नाही, बरोबर पुरुषमाणूस नाही. ऐकून आमच्या घरी काय काय बोललं गेलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको!

तयारी मात्र नीट केली. दोन महिने रोज पहाटे तासभर सायकल. पंक्चर काढायला, पडलेली चेन चढवायला गावातल्या सायकलवाल्याकडून शिकून घेतलं. तो आधी हसला, मग स्वतःहून पाना आणि हातपंप काढून दिला. साड्या घरी ठेवल्या, पंजाबी ड्रेसच्या ओढण्याही. ओढणी चाकात अडकली तर जिवावर बेततं. सामान प्रत्येकीचं कॅरिअरवर बांधलेल्या एका पिशवीत मावेल एवढंच.

मुंबईहून मांडव्याला जायला मोटार लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली आहे, तिच्यात सायकल चढवता येते. मांडव्याला उतरलं की अलिबागचा रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना वाड्या. वाटेत थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात खांदेरी दिसतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात हा खांदेरी आहे. आणि आमच्या वाटेच्या शेवटी, हर्णैला दिसणारा सुवर्णदुर्गही त्यातच आहे. म्हणजे आमची सगळी सहल या दोन जलदुर्गांच्या मधली!

मोटारीतून किल्ला दिसतो तो फोटोपुरता. सायकलवरून तो तासभर आपल्याबरोबर चालत असतो. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या तटबंदीतूनच रस्ता जातो. खाडीवरचा पूल ओलांडला की समोर कोर्लईचा डोंगर. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत त्यांच्या भाषेतून आलेली एक बोली आजही घरात बोलतात. पाणी मागायला थांबलो तिथल्या आजीबाईंनी आमच्याशी मराठीत आणि नातवाशी त्या बोलीत बोलून दाखवलं. पाठ्यपुस्तकात हे कुठे असतं?

काशीदच्या अलीकडे-पलीकडे चढण आहे. आम्ही सरळ उतरून सायकली हातानं ढकलल्या. त्यात लाज कसली? कोणी शर्यत लावली नव्हती. मुरूडला पोचलो तर समुद्रात दोन किल्ले. एक सिद्दीचा जंजिरा, जो शेवटपर्यंत कुणाला जिंकता आला नाही, आणि दुसरा त्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग.

खरी गंमत खाड्यांची. कोकणात रस्ता सरळ जातच नाही, मध्ये खाडी येते. आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेसवी या दोन खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या. तिला तिकडे ‘जंगलजेटी’ म्हणतात. कोळणी टोपल्या घेऊन, शाळकरी पोरं दप्तरं घेऊन आणि आम्ही सायकली घेऊन, सगळे एकाच फळीवर उभे. बागमांडल्याच्या बोटीत एका कोळणीनं विचारलं,

‘‘कुठल्या गो तुम्ही? बरोबर पुरुष कोण नाय?’’

‘‘नाही मावशी, आम्हीच पाचजणी.’’

‘‘मग भ्यायचं कशाला? मी रोज एकटीच जाते की टोपली घेऊन!’’

आमची शिक्षिका बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आपण मोठं धाडस समजतोय ते हिचं रोजचं काम आहे.’’

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा शेखाडीचा रस्ता तर पाण्याला लागूनच जातो. श्रीवर्धन हे पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. आणि चार दिवसांनी हर्णैला सुवर्णदुर्गासमोर उभं राहिलं की त्याच घराण्याची दुसरी गोष्ट आठवते. १७५५ मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सनं हा किल्ला आंग्र्यांकडून घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. आपल्याच आरमाराचं बळ आपणच कमी केलं. घरातल्या भांडणात शेजाऱ्याला बोलावलं की काय होतं, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

आता थोडं अडचणींबद्दल. सगळ्यात मोठी अडचण चढण नव्हे, स्वच्छतागृह. मैलोन्‌मैल सोय नसते. मग आम्ही एक रीत ठरवली. नाश्त्याला, जेवणाला, चहाला घरगुती खानावळीतच थांबायचं, आणि आधी न्हाणीघर विचारायचं. एकाही घरानं नाही म्हटलं नाही. उलट पडवीत बसवून आमसुलाचं सरबत दिलं, पाठीला टेकायला लोड दिला. पहिले दोन दिवस कंबर आणि मांड्या इतक्या दुखल्या की अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, ‘‘मी एसटीनं परत जाते.’’ तिसऱ्या दिवशी त्याच सगळ्यांच्या पुढे होत्या! शिवणवालीच्या चाकात खिळा शिरला तेव्हा तिनंच रस्त्याकडेला बसून ट्यूब काढली आणि पॅच लावला. दोन मोटारसायकलवाले थांबून बघत होते. मदत करायची त्यांची इच्छा होती, पण ती संधी तिनं दिली नाही!

या प्रवासातला पैसा कुठे गेला याचा हिशेब दुकानवाल्या वहिनींनी वहीत ठेवला होता. पेट्रोलला शून्य. जवळजवळ सगळा खर्च राहण्या-जेवणाचा, आणि तो घावन घालणाऱ्या, सोलकढी करणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या बायकांच्या हातात गेला. बाणकोटजवळच्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात. ते काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये सुरू केलं. पिल्लं समुद्रात सोडण्याच्या दिवसांत पाहुणे येतात, ते गावातल्याच घरांत उतरतात. मोटारीतला पाहुणा ऐंशीच्या वेगानं जातो, तो मोठ्या हॉटेलाशीच थांबतो. सायकलवाल्याला मात्र दर दहा किलोमीटरला भूक लागते!

म्हणूनच एक काळजी वाटते. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचं स्वप्न जुनं आहे, बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं. आता रस्ता रुंद करण्याच्या, खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. पूल हवेतच. बाळंतिणीला रात्री बोटीची वाट बघावी लागू नये. पण रुंद रस्त्याच्या कडेला सायकलला, पायी जाणाऱ्या शाळकरी पोरींना, टोपलीवाल्या कोळणीला चार हात सुरक्षित जागा राहील का? हे आत्ताच विचारायला हवं. रस्ता झाल्यावर विचारून काय उपयोग?

आमचा शेवटचा मुक्काम दापोलीजवळचं मुरुड. हे महर्षी कर्व्यांचं गाव. १८७५ मध्ये परीक्षेसाठी हा मुलगा इथून साताऱ्याला चालत गेला होता, शंभरावर मैल. लहान दिसतो म्हणून तिथं त्याला बसू दिलं नाही. त्याच मुलानं पुढे १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं. वाट ज्यानं पायांनी मोजलेली असते, त्यालाच ती दुसऱ्यांसाठी सोपी करावीशी वाटत असेल का?

तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली. लाखभर बायका शिकल्या म्हणतात. अक्षर आणि सायकल, दोन्ही एकदमच. कारण दोन्हींनी बाई स्वतःहून कुठे जायचं ते ठरवू शकते.

आम्ही परतल्यापासून मंडळाच्या मागच्या मैदानात रविवारी सकाळी सायकलचा वर्ग भरतो. सध्या अकराजणी येतात. एकीची सासूही येते, आधी नुसती बघायला यायची. मैत्रिणींनो, लगेच कोकणात जा असं मी म्हणत नाही. गोठ्यामागची ती लेकीची सायकल बाहेर काढा, चाकात हवा भरा, चेनला तेल घाला. आणि उद्याचं दळण तुमचं तुम्हीच घेऊन या.