‘असूनसुद्धा’

बिदर-कलबुर्गी भागात मराठी, कानडी, उर्दू एकाच ओसरीवर नांदतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरी माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) ‘सकलमत’ संप्रदाय स्थापिला. तेथेच एका मुसलमान शिष्याचा अभंग ऐकून मी म्हणालो, “मुसलमान असूनसुद्धा उच्चार किती शुद्ध!” त्याची मान खाली गेली.

हेतू माझा निर्मळ होता. पण माझ्या दरबारी वडिलांना ‘गवई असूनसुद्धा निर्व्यसनी’ म्हणणाऱ्यांचाही तो निर्मळच असे. त्या रात्री वडील तंबोऱ्याची गवसणी काढीत नसत.

शिकवणीत शिष्याचा गंधार उतरला तर हेतू पाहून मी रागावत नाही. स्वर मात्र पुन्हा लावून घेतोच. मलाही तोच नियम. दुसऱ्या दिवशी त्याची क्षमा मागून म्हणालो, “तुझे उच्चार शुद्ध आहेत.” ‘असूनसुद्धा’ गाळले.