अमेरिकेतील हिस्पॅनिक लोकसंख्या : आकार, वाढ आणि गणनेचा प्रश्न

प्रस्तावना :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १ जुलै २०२४ रोजी हिस्पॅनिक लोकसंख्या सुमारे ६ कोटी ८० लाख होती, असा तेथील जनगणना ब्यूरोचा अंदाज आहे. याचा अर्थ, त्या देशातील दर पाच रहिवाशांपैकी एक हिस्पॅनिक होय. आपल्याकडे भूगोल व समाजशास्त्राच्या अध्यापनात ही वाढ बहुधा स्थलांतराचे ठळक उदाहरण म्हणून सांगितली जाते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. ज्या समूहाची ही संख्या आहे त्या समूहाची व्याख्याच गेल्या शतकात अनेकदा बदलली. म्हणून प्रस्तुत लेखात या लोकसंख्येच्या वाढीबरोबरच ती कशी मोजली गेली याचा विचार केला आहे.

हिस्पॅनिक कोणास म्हणावे?

शासकीय व्याख्येनुसार मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, मध्य वा दक्षिण अमेरिकी अथवा अन्य स्पॅनिश संस्कृतीत मूळ असलेली व्यक्ती हिस्पॅनिक होय. ही संज्ञा वंशवाचक नाही. हिस्पॅनिक व्यक्ती गोरी, कृष्णवर्णीय किंवा मूळनिवासी, कोणत्याही वंशाची असू शकते. सर्व हिस्पॅनिक स्थलांतरित आहेत हा समजही टिकत नाही. १८४८ च्या ग्वादालूपे-हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे गेला, तेव्हा तेथील रहिवासी जागचे हलले नव्हते. सीमाच हलली होती. प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे. तरीही त्या बेटावरील सुमारे ३२ लाख लोक वर दिलेल्या संख्येत धरलेले नाहीत.

गणनेच्या बदलत्या पद्धती :

१९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश मानला गेला. मेक्सिको सरकार व अमेरिकेतील मेक्सिकन वंशाचे नागरिक यांनी त्यास विरोध केल्यावर १९४० मध्ये तो वर्ग वगळण्यात आला. १९५० व १९६० मध्ये नैर्ऋत्येकडील पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांवरून मोजणी झाली. आडनावावरून समूह ठरविण्यातील अडचण मराठी वाचकास वेगळी सांगावयास नको. कुलकर्णी आणि देशपांडे महाराष्ट्रात आहेत तसेच कर्नाटकातही आहेत. शिवाय विवाहामुळे आडनाव बदललेल्या स्त्रिया या पद्धतीत एकतर सुटत किंवा नको तेथे मोजल्या जात.

१९७० मध्ये पाच टक्के नमुन्यापुरता मुळाविषयीचा थेट प्रश्न विचारण्यात आला. त्यातील 'मध्य किंवा दक्षिण अमेरिकी' या पर्यायाचा अर्थ काहींनी अमेरिकेच्याच मध्य व दक्षिण भागांतील रहिवासी असा घेतला आणि त्यावर खूण केली! १९७७ मध्ये केंद्रशासनाने सर्व खात्यांसाठी समान वर्गवारी ठरविली आणि १९८० पासून हा प्रश्न सर्वांना विचारला जाऊ लागला. (भारतीयांसाठी 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र पर्यायही १९८० च्याच जनगणनेत प्रथम आला, त्यापूर्वी १९७० मध्ये भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती.) त्यामुळे परस्परांशी तुलना करण्याजोगी आकडेवारी १९८० पासूनचीच म्हणावी लागेल.

तक्ता क्र. १ : हिस्पॅनिक लोकसंख्या व एकूण लोकसंख्येतील प्रमाण
१९८० : १ कोटी ४६ लाख (६.४ टक्के)
१९९० : २ कोटी २४ लाख (९.० टक्के)
२००० : ३ कोटी ५३ लाख (१२.५ टक्के)
२०१० : ५ कोटी ५ लाख (१६.३ टक्के)
२०२० : ६ कोटी २१ लाख (१८.७ टक्के)

वाढीचे घटक :

१९८० व १९९० च्या दशकांत, विशेषतः मेक्सिकोतून झालेले स्थलांतर हे वाढीचे प्रमुख कारण होते. २००० नंतर चित्र पालटले. स्थलांतरितांपेक्षा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांमुळे होणारी वाढ अधिक झाली. येथे जननदराचा विचार सावधपणे करावयास हवा. हिस्पॅनिक स्त्रियांचा एकूण जननदर १९९० मध्ये सुमारे ३ होता, तो २०२० मध्ये १.९ च्या आसपास, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या २.१ या पातळीखाली आला. तरीही वाढ थांबली नाही. कारण हा समूह तरुण आहे. त्याचे मध्यक वय तिशीच्या आसपास, तर बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांचे चाळिशीच्या पुढे आहे. २०१० ते २०२० या दशकात देशाच्या एकूण लोकसंख्यावाढीतील निम्म्याहून थोडा अधिक वाटा याच समूहाचा होता. २०२२ नंतर स्थलांतर पुन्हा वाढले. ते पुरेसे टिपले जात नसल्याने ब्यूरोला २०२४ च्या अंदाजांसाठी आपली पद्धत सुधारावी लागली. आरंभी दिलेल्या संख्येत त्या सुधारणेचाही भाग आहे.

स्व-ओळख आणि तिचे परिणाम :

आज हिस्पॅनिक असणे हे उत्तरदात्याच्या स्वतःच्या सांगण्यावर ठरते. मात्र त्यालाही शासकीय चाळणी आहे. ब्राझील पोर्तुगीजभाषक असल्याने ब्राझिलियनांनी 'हिस्पॅनिक' लिहिले तरी ब्यूरो ते उत्तर बदलतो. २०२० च्या वार्षिक सर्वेक्षणात संस्करणातील चुकीमुळे हा बदल झाला नाही आणि ४ लाखांहून अधिक ब्राझिलियन हिस्पॅनिक म्हणून नोंदले गेले. आदल्या वर्षी ही संख्या सुमारे १४ हजार होती. उलट दिशेनेही गळती होते. प्यू संशोधन केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, हिस्पॅनिक पूर्वज असलेल्या चौथ्या व पुढील पिढ्यांतील निम्मेच लोक स्वतःला हिस्पॅनिक म्हणवतात. दीर्घकालीन भाकिते करताना हा घटक अनेकदा दुर्लक्षिला जातो, हे लेखकास गंभीर वाटते.

वंशविषयक उत्तरांत तर याहून मोठी उलथापालथ दिसते. २०१० मध्ये ५३ टक्के हिस्पॅनिकांची नोंद केवळ 'गोरे' अशी होती. २०२० मध्ये ती २०.३ टक्क्यांवर आली. दहा वर्षांत माणसे बदलली नाहीत. प्रश्नाची मांडणी व उत्तरांचे संकेतन बदलले.

गणनेतील तूट :

प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांची राज्यांत वाटणी जनगणनेवरून होते आणि केंद्रीय निधीच्या वाटपातही तिचा आधार घेतला जातो. त्यामुळे नोंदीतून सुटलेल्या माणसाची किंमत मोजावी लागते. २०२० च्या जनगणनोत्तर सर्वेक्षणानुसार हिस्पॅनिकांची निव्वळ तूट ४.९९ टक्के होती. २०१० मध्ये ती १.५४ टक्के होती. याउलट २०२० मध्ये बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांची गणना १.६४ टक्क्यांनी जास्त झाली. महासाथीचे वर्ष हे एक कारण खरे. परंतु जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालण्याचा प्रयत्नही त्याआधी झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये तो रोखला, तरी तोवर भीती पसरलेली होती.

मार्च २०२४ मध्ये केंद्रशासनाने वंश व हिस्पॅनिक मूळ यांचे दोन प्रश्न एकत्र करून एकच प्रश्न विचारण्याचे नवे मानक जाहीर केले. ते २०३० च्या जनगणनेत लागू झाल्यास, वंशाच्या रकान्यात नाइलाजाने 'अन्य' लिहिणाऱ्या लक्षावधी व्यक्तींना फक्त 'हिस्पॅनिक' एवढेच उत्तर देता येईल. मग वरील तक्त्याच्या पुढच्या ओळीची २०२० शी तुलना करणाऱ्यास प्रथम दोन्ही वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून वाचाव्या लागतील.