एक सर्व्हर, अनेक यंत्रे : कोअरची वाटणी

शाळेच्या संगणक कक्षासाठी तीस स्वतंत्र संगणक घ्यावेत की एकच मोठा सर्व्हर घेऊन त्यावर तीस आभासी संगणक चालवावेत, असा प्रश्न देणगीदार माजी विद्यार्थी आणि पालक आम्हाला वारंवार विचारतात. संगणक क्षेत्रात नोकरी करणारे आम्ही काही माजी विद्यार्थी त्यावर एकत्र बसून विचार करीत आलो आहोत. सर्व्हर घेणे योग्य, असे आमचे मत आहे. मात्र त्यातील कोअरची वाटणी चुकली, तर देणगीतून घेतलेले महागडे यंत्र जुन्या संगणकांहूनही मंद चालेल. म्हणून ही वाटणी कशी होते, ते येथे सविस्तर मांडत आहोत.

कोराडीकरांना हा विषय परका वाटू नये. आपल्या औष्णिक विद्युत केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण १९८० मेगावॅट. ही वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि तेथे निर्मिती व मागणी यांचा मेळ ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र घालते. महाराष्ट्रातील सर्व ग्राहकांच्या मंजूर भारांची बेरीज केली, तर ती उपलब्ध विजेपेक्षा कितीतरी अधिक भरेल. तरीही व्यवस्था चालते, कारण सर्वांचे पंप, इस्त्र्या आणि कुलर एकाच क्षणी सुरू नसतात. सर्व्हरमधील कोअरची वाटणी याच तत्त्वावर उभी आहे.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील गणन करणारा स्वतंत्र भाग. एका यंत्रात अनेक प्रोसेसर जोडून काम विभागण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच मार्गाने बांधला गेला. त्याचे सूत्रधार डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी नागपुरातच घेतले. त्या काळी ज्यासाठी मोठी कपाटे लागत, ते आज एका चिपमध्ये सामावते. एएमडी कंपनीच्या एपिक मालिकेत २०१७ मध्ये एका प्रोसेसरवर कमाल ३२ कोअर होते. २०१९ मध्ये ते ६४ झाले.

एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालविण्याची कल्पना तर याहूनही जुनी. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली. आज लिनक्समधील केव्हीएमसारखी प्रणाली हे काम विनामूल्य करते. या नियंत्रक प्रणालीला हायपरव्हायझर म्हणतात. प्रत्येक आभासी यंत्राला ती काही ‘आभासी कोअर’ दाखवते आणि खऱ्या कोअरवरील वेळ अत्यंत लहान तुकड्यांत वाटून देते. यंत्राला दिलेला आभासी कोअर हा कोअरचा मालकी हक्क नव्हे. तो रांगेत उभे राहण्याचा हक्क आहे. बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात.

समजा, आपल्या सर्व्हरमध्ये प्रत्येकी १६ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत. एकूण कोअर ३२. प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामांचे धागे हाताळत असल्याने संगणकाच्या पडद्यावर ६४ दिसतील. परंतु त्यामुळे काम दुप्पट होत नाही. एकाच चुलीवर दोन भांडी आळीपाळीने सरकवावीत, तसा तो प्रकार आहे. म्हणून हिशेब ३२चाच धरावा. त्यातील दोन कोअर हायपरव्हायझरच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवावेत. उरले ३०. विद्यार्थ्यांच्या तीस आभासी संगणकांना प्रत्येकी २, ग्रंथालयास २, फायली साठविणाऱ्या यंत्रास २, हिशेबास २ आणि सराव परीक्षांच्या यंत्रास ४, असे मिळून ७० आभासी कोअर होतात. एका खऱ्या कोअरमागे सुमारे सव्वादोन. विद्यार्थी बहुतेक वेळ वाचत किंवा टंकलेखन करीत असताना हे प्रमाण सहज पेलते.

येथे उदार मनाचा सल्ला हमखास येतो : ‘मुलांना दोन कशाला, आठ आठ द्या.’ तसे केल्यास केवळ मुलांच्या यंत्रांचेच २४० आभासी कोअर होतील. खरे कोअर मात्र तीसच राहतील. त्यात आणखी एक अडचण आहे. आठ आभासी कोअरच्या यंत्रातील एका कोअरने एखादे सामाईक कुलूप लावले आणि नेमक्या त्याच क्षणी त्याची पाळी संपली, तर उरलेले सात कोअर ते उघडण्याची वाट पाहत बसतात. कधी कधी वाट पाहण्यातच खरा वेळ खर्च करतात. अधिक कोअर देऊन यंत्र मंद होते, ते असे. प्रतिष्ठेनुसार वाटणीही आम्हाला अमान्य आहे. कार्यालय महत्त्वाचे, म्हणून त्याच्या यंत्राला सोळा कोअर, हा युक्तिवाद निरर्थक होय. हिशेबाची वही दोन कोअरवरही तितक्याच वेगाने उघडते.

दोन प्रोसेसरच्या यंत्रात आणखी एक पथ्य पाळावे लागते. प्रत्येक प्रोसेसरजवळ त्याची स्वतःची स्मृती असते. दोन इमारतींच्या वसतिगृहात प्रत्येक इमारतीचे वेगळे कोठार असावे, तशी ही रचना. स्वतःच्या कोठारातील धान्य लगेच हाती येते. शेजारच्या इमारतीतून आणायचे, तर अंगण ओलांडावे लागते. एखाद्या आभासी यंत्राला २० कोअर दिले, तर ते दोन्ही प्रोसेसरवर पसरते आणि ही ये-जा सुरू होते. कोअर थोडे पण स्मृती एका बाजूच्या क्षमतेहून अधिक मागितली, तरीही तेच घडते. म्हणून कोणतेही यंत्र एका प्रोसेसरच्या मर्यादेत बसवावे.

काही जण ठरावीक यंत्राला ठरावीक कोअर बांधून देतात. ध्वनिमुद्रणासारख्या, क्षणाचाही विलंब न खपणाऱ्या कामासाठी ते योग्य. इतरत्र बांधलेला कोअर रिकामा पडतो आणि शेजारचे यंत्र ताटकळत राहते. शाळेत आम्ही हे करणार नाही.

खरी कसोटी शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या अखेरच्या दिवशी आणि सराव परीक्षेच्या वेळी लागते. तेव्हा तीसही विद्यार्थी एकाच क्षणी कळ दाबतात आणि ‘सर्वांना एकदम लागत नाही’ हे गृहीतक कोसळते. यासाठी हायपरव्हायझरमध्ये प्रत्येक यंत्राला भारांक देता येतो. गर्दी नसताना त्याचा काहीच परिणाम होत नाही. गर्दी झाली, की वेळ त्या प्रमाणात वाटला जातो. परीक्षेच्या यंत्राचा भारांक इतरांच्या चौपट ठेवावा, आणि सर्व विद्यार्थ्यांचा मात्र अगदी समान. दहावीचा असो वा पाचवीचा. साठवलेल्या फायलींची प्रत काढण्याचे काम रात्री दोन वाजता लावावे.

वाटणी योग्य झाली की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. लिनक्सच्या आभासी यंत्रात ‘टॉप’ ही आज्ञा दिली, की ‘एसटी’ या अक्षरांजवळ एक टक्केवारी दिसते. यंत्राला काम होते, पण कोअर दुसऱ्याकडे गेला होता, तो हा वेळ. ती शून्याच्या आसपास असेल, तर काहीही बदलू नये. ती सतत चढती राहिली, तर आधी प्रत्येक यंत्राचा प्रत्यक्ष वापर पाहून रिकाम्या बसलेल्या यंत्रांचे कोअर कमी करावेत. त्यानंतरही गर्दी हटली नाही, तरच देणगीदारांकडे दुसऱ्या सर्व्हरचा विषय काढावा.