‘नो सिग्नल’ म्हणजे अडलेला संवाद

परक्या सभागृहात लॅपटॉपला प्रोजेक्टरची केबल लावावी आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ यावे, की पहिला संशय लॅपटॉपवर जातो आणि दुसरा प्रोजेक्टरवर. अनेकदा मात्र दोन्ही यंत्रे धडधाकट असतात. बिनसलेले असते ते त्यांचे आपसातले बोलणे. चित्र पाठवण्याआधी लॅपटॉप समोरच्या यंत्राचे ओळखपत्र वाचतो. प्रोजेक्टरच्या एका चिपमध्ये ते लिहून ठेवलेले असते: बनवणारी कंपनी कोणती, कोणती रिझोल्युशन चालतात, सेकंदाला चित्र किती वेळा बदलावे. ‘व्हेसा’ या संस्थेने १९९४ मध्ये ठरवलेल्या या ओळखपत्राला ‘ईडीआयडी’ म्हणतात आणि त्याचा मूळ मजकूर अवघ्या १२८ बाइटांचा असतो.

बोलण्याची वाट आणि चित्राची वाट वेगळी आहे, हे जुन्या व्हीजीए केबलच्या टोकाकडे नीट पाहिले तर कळते. तिथल्या १५ पिनांपैकी १, २ आणि ३ मधून लाल, हिरवा, निळा रंग जातो. ओळखपत्र येते ते १२ आणि १५ मधून. तिसरी पिन तुटली तर ओळख व्यवस्थित पटते, पण पांढरी स्लाइड पिवळी दिसते. बारावी वाकली तर रंग शाबूत राहतात, मात्र समोर कोण आहे हे लॅपटॉपला कळत नाही आणि तो अंदाजाने रिझोल्युशन निवडतो. एचडीएमआयमध्येही ओळखपत्र स्वतंत्र तारांवरून येते. शिवाय पोडियमपासून छतापर्यंत लांबच लांब केबल, मध्ये एखादा स्विचर. फुल एचडी चित्राला सेकंदाला १४.८५ कोटी पिक्सेलांचा वेग लागतो, फोर-केला त्याच्या चौपट. पहिला वेग पेलणारी केबल दुसऱ्याला दमते आणि पडद्यावर ठिपके चमकू लागतात किंवा चित्र मधूनमधून गायब होते.

म्हणून घाईने सगळेच उपसून पुन्हा खुपसणे हा उपाय नव्हे, त्याने चाललेले बोलणे दर वेळी अर्ध्यावर तुटते. आधी प्रोजेक्टर चालू करून योग्य इनपुट निवडावा, मग केबल लावावी आणि दहा सेकंद थांबावे. पडदा तरीही कोराच राहिला तर विंडोज कळ आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. तेवढ्यानेही भागले नाही तर लॅपटॉपची मागणी कमी करावी: १०२४ × ७६८, ६० हर्ट्झ. एका वेळी एकच बदल केला, तरच कशाने काम झाले ते समजते. यूएसबी-सीची गोष्ट निराळी. खाच सारखीच दिसली तरी प्रत्येकीतून चित्र जातेच असे नाही. तिथे केबल जोडण्यासाठी मध्ये लावलेल्या डोंगलला दोष देण्यात अर्थ नाही.

एवढा खटाटोप कशाला, फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी आणि तिथल्याच संगणकावर उघडावी, असे कोणी म्हणेल. सल्ला चांगला आहे, पण मराठी वक्त्याने तो जपून घ्यावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘प्रस्तावना’ शब्दाचा रोमन अक्षरांचा कचरा होतो. मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ सोबत ठेवावी. आता सगळे वायरलेस होणार, हा दुसरा युक्तिवाद. पण त्यातही दोन यंत्रांना एकमेकांची ओळख पटवावीच लागते, वर वायफायची परवानगी लागते. पाहुण्यांसाठीचे नेटवर्क तर पुष्कळदा एका यंत्राला दुसरे दिसूच देत नाही.

वक्त्याने हे सारे का शिकावे, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. सभागृह ज्यांचे, प्रोजेक्टर त्यांच्या ओळखीचा असतो आणि माहिती त्यांनीच द्यायला हवी. पोडियमवर चिकटवलेली एक चिठ्ठी त्याला पुरते: कोणती केबल, कोणता इनपुट, कोणते रिझोल्युशन नक्की चालते आणि अडल्यास कोणाला फोन करायचा.