सुईआधीचा हात

ऊसतोडीने कंबर धरली, की आमच्या बारामती-इंदापूरकडे आधी घरच्या कुणाकडून पाठ चोळून घेतात. दुखरी जागा बोटांना नेमकी सापडते, हा अनुभव. जपानी अ‍ॅक्युपंक्चरची भिस्त याच अनुभवावर आहे.

सुयांची ही विद्या मूळची चीनची. 1938 मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी पुढे ती शिकून भारतात आणली. जपानात मात्र ती कित्येक शतके आधीच पोचली होती. तिथे तिला मवाळ वळण दिले सुगियामा वाइची (1610–1694) या अंध वैद्याने. त्याने सुई बारीक नळीतून टोचण्याची रीत रूढ केली. नळी कातडीवर टेकवायची, वर डोकावणाऱ्या सुईवर हलकी टिचकी मारायची. टोचल्याचे फारसे जाणवतही नाही. त्याआधी नाडी, पोट, पाठ सावकाश चाचपायची. सुई केसासारखी, तीही उथळच. कधी नुसती टेकवलेली.

जुनाट कंबरदुखीत काहींना याने आराम पडतो. पण चाचण्यांत खऱ्या आणि लुटुपुटीच्या सुयांतला फरक थोडाच आढळला आहे. पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा सुटला, तर तडक डॉक्टरांकडेच जावे. एरवी मात्र वाटते, निम्मा गुण त्या सावकाश चाचपणाऱ्या हाताचाच असावा. घरातल्या थकल्या पाठीवरून आपण असा हात शेवटचा कधी फिरवला?