खाऱ्या पाण्याची टाकी (भाग ९) : आधी कोण आला?

मागच्या भागात वाळू आणि दगडांची मांडणी झाली. पाणी खेळतंय, क्षारता ३५ वर स्थिरावली आहे, अमोनिया शून्यावर आला आहे आणि आता मासे आणायला हात शिवशिवताहेत. दुकानात गेलात की डोळ्यांत भरतो तो सिक्स-लाइन रॅस. निळ्या-जांभळ्या अंगावर सहा नारिंगी आडव्या रेघा, बोटाएवढा जीव, खाण्याचे नखरे नाहीत. दुकानदार ‘एकदम हार्डी’ म्हणतो आणि ते खरंही आहे. तरी हा भांडखोर मासा पहिल्यांदा आणू नका. आणायचाच असेल तर सगळ्यांत शेवटी आणा, आणि टाकी तीन फुटांची असेल तर आणूच नका.

रॅस कुळातल्या माशांच्या भांडणाकडे आपण स्वभावदोष म्हणून पाहतो. अमुक जात गरीब, तमुक भांडकुदळ, अशा याद्या करतो. त्या याद्या अगदीच चुकीच्या नाहीत. पण शांत म्हणून आणलेला फेअरी रॅस सहा महिन्यांनी नव्या पाहुण्याचे पंख फाडतो तेव्हा यादी कामाला येत नाही. माशांच्या लेखी प्रश्न असतो तो हद्दीचा आणि दर्जाचा. गाडीत आधी बसलेल्याला मागाहून चढणारा घुसखोर वाटतो, तसलाच हा प्रकार.

या दर्जाच्या भानगडीला मोठं कारण आहे. रॅसच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत मासा आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतो, पुढे त्यातले काही नर होतात. डी. आर. रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियातल्या हेरन बेटाजवळ क्लीनर रॅसचा अभ्यास करून १९७२ साली ‘सायन्स’मध्ये तो मांडला. एका नराच्या हद्दीत तीन ते सहा माद्या, आणि माद्यांमध्येही आकारानुसार उतरंड. नर गेला की सगळ्यांत वरची मादी दीड-दोन तासांत नरासारखी वागू लागते, हद्दीवर गस्त घालते, खालच्यांना दटावते. दोन-अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात. नर जिवंत असेतोवर मात्र त्याची रोजची दमदाटीच तिला मादी ठेवते. म्हणजे दटावणं हा या माशांच्या कुटुंबव्यवस्थेचाच भाग आहे. समुद्रात दटावलेला मासा पळून दूर जातो आणि विषय संपतो. चार फुटांच्या काचेत त्याला जायला फक्त कोपरा उरतो.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण असल्यामुळे परदेशी व्हिडिओंत दिसते तशी प्रवाळांनी गच्च भरलेली टाकी इथे करायची नाही. आपली टाकी माशांची आणि कोरड्या किंवा कृत्रिम दगडांची. त्यामुळे लपायच्या जागा मुद्दाम कराव्या लागतात. दगडांचा एकच ढीग मागच्या काचेला टेकवून ठेवलात तर अख्खी टाकी एकाच माशाच्या नजरेच्या टप्प्यात येते. दोन-तीन वेगळी बेटं करा, आरपार जाणारी भोकं ठेवा. नजर तुटली की पाठलागही बहुतेक वेळा तुटतो.

आता रॅस आणायचा क्रम. लेपर्ड रॅस सगळ्यांत बुजरा, तो आधी; अर्थात टाकी जुनी झालेली असेल आणि वाळूत-दगडांत बारीक किडे असतील तरच, नाहीतर तो उपाशी मरतो. मग फ्लॅशर, मग फेअरी, मग पिवळा हॅलिकोरस. सिक्स-लाइन शेवटी. चंद्रकोरीसारख्या शेपटीचा मून रॅस, जो आपल्या लक्षद्वीपच्या पाण्यातही आढळतो, या यादीत नाहीच. तो वीतभराहून मोठा होतो आणि लहान मासे, कोळंबी यांच्याकडे खाऊ म्हणून बघतो. शक्य असेल तर दोन-तीन रॅस एकाच दिवशी सोडा, म्हणजे कुणीच आधीचा राहत नाही. एकाच जातीचे दोन नर नकोत. आणि नवा मासा आधीच्यापेक्षा थोडा मोठा असलेला बरा.

यापलीकडे एकच उपकरण मी आग्रहाने सांगतो : ॲक्लिमेशन बॉक्स. ॲक्रिलिकचा पारदर्शक, भोकं पाडलेला डबा, टाकीच्या आत कडेला लटकवायचा. नवा मासा त्यात चार ते सात दिवस ठेवायचा, तिथेच खायला घालायचं. बाहेरचे मासे पहिल्या दिवशी डब्यावर धडका मारतील. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बहुतेकांना त्याचा कंटाळा येतो. पाचव्या दिवशीही कुणी डब्यासमोर ठाण मांडून असेल तर नव्याला बाहेर सोडू नका. उलट त्या दांडग्याला पकडून डब्यात ठेवा आणि नव्याला टाकी हिंडू द्या. आठवडाभराने दांडगा बाहेर येतो तेव्हा हद्दीची वाटणी बदललेली असते. हॅलिकोरस किंवा लेपर्ड डब्यात ठेवताना वाळूची वाटी आत द्यायला विसरू नका. हे मासे रात्री वाळूत पुरून झोपतात. फेअरी, फ्लॅशर आणि सिक्स-लाइन अंगाभोवती चिकट आवरण तयार करून दगडांच्या फटीत झोपतात, त्यांना वाटी लागत नाही. वाळूत गेलेला नवा रॅस दोन-तीन दिवस वर आला नाही तरी उकरून पाहू नये.

काचेला बाहेरून आरसा लावायची युक्तीही चालते. दांडगा मासा प्रतिबिंबाशी झुंजत राहतो आणि नव्याला उसंत मिळते. पण आरसा कायमचा लावून ठेवू नका. जपानच्या मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांनी क्लीनर रॅसवर केलेले आरशाचे प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाले. मासे सुरुवातीला प्रतिबिंबावर तुटून पडले, काही दिवसांत शांत झाले आणि मग गळ्यावर लावलेला ठिपका आरशात पाहून तो वाळूवर घासून काढू पाहू लागले. स्वतःला ओळखलं म्हणजे नेमकं काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच की या युक्तीचा जोर फार दिवस टिकेल असं धरून चालू नये.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो दिखावा आणि मारामारी यांत फरक न कळल्यामुळे. फेअरी आणि फ्लॅशरचे नर पंख ताठ करून, रंग भडक करून एकमेकांना बाजू दाखवत फिरतात. क्षणात निळी झळाळी येते, क्षणात जाते. हा दिखावा आहे. तो बघायलाच तर आपण हे मासे पाळतो; माद्या किंवा प्रतिस्पर्धी समोर नसले की नरांचे रंग पुष्कळदा फिकटतात. मारामारी वेगळी दिसते. तिच्यात शोभा नसते. एक मासा सरळ रेषेत धावून जातो, दुसरा पंख मिटून पळतो, आणि हे खाऊ पडल्यावरही थांबत नाही. पळणारा पाण्याच्या पृष्ठभागापाशी किंवा पंपामागे अडकून राहतो. खाताना पाहा, सगळं कळतं. दिवसातून एकदा भरपूर घालण्यापेक्षा मायसिस कोळंबी तीन वेळा थोडी थोडी घातली, टाकीच्या दोन टोकांना टाकली, तर निम्मी कुरबुर आपोआप कमी होते.

पळणारा रॅस शेवटी वर उडी मारतो. म्हणून पहिला मासा येण्याआधी झाकण हवं : साधारण ६ मिलिमीटर भोकांची जाळी, वायरींसाठी सोडलेल्या खाचांसकट बंद केलेली. हे मासे ज्या फटीतून जाणार नाहीत असं आपल्याला वाटतं, नेमके तिथूनच जातात.

आणि सगळं करूनही एखादा ऐकेना तर त्याला काढावंच लागतं. जाळीने पकडायला गेलात तर सगळे दगड हलतील आणि तरी तो हाती लागणार नाही. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत खाऊ ठेवा, बाटली वाळूवर आडवी ठेवून दिवे मंद करा. पहिल्या दिवशी दुसराच कुणी अडकेल. त्याला सोडून पुन्हा लावा. पकडलेला मासा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या किंवा दुकानात परत करा. गिरगावच्या किंवा मालवणच्या समुद्रात सोडायचा नाही, कारण दुकानातले रोग त्याच्यासोबत तिथे जातात. पुढच्या आठवड्यात त्या रोगांकडेच वळू : पांढरे ठिपके, आणि क्वारंटाइनची वेगळी टाकी.